स्टोन अँड रॉक

स्वराली: मोठ्यानं वाचा ना, बाबा. शेवटची ओळ.

श्याम: दहा वेळा वाचलीय. पत्रिकेचं प्रूफ मीच तपासलंय. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दाखव.

स्वराली: ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे. 'सुप्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ कु. स्वराली श्याम उकिडवे, पर्थ, ऑस्ट्रेलिया.' कोण ही बाई?

श्याम: आवाज चढवू नकोस. आख्ख्या नारायण पेठेला ऐकवायचं नाहीये.

हेमा: चढवू दे. काल रात्री उतरलीय पोर. चहाचा घोट घेतला नाही तोवर हातात पत्रिका कोंबलीत.

श्याम: संध्याकाळी पाचला कार्यक्रम आहे, हेमा! आत्ता नाही सांगायचं तर कधी? सत्कार झाल्यावर?

स्वराली: आणि हे 'गुणवंत पाल्य सत्कार' काय आहे? अडतीस वर्षांची आहे मी.

श्याम: पाल्याला वयाची अट नाही. पालक हयात असला की झालं. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा तसा ठराव आहे.

स्वराली: खाली बघा. 'व्याख्यान: पश्चिम ऑस्ट्रेलियातील खडक, काल, आज आणि उद्या.' बाबा, खडकाला उद्या असतो?

श्याम: वीस मिनिटं बोलायचंय फक्त. तू जिऑलॉजी शिकायलाच गेली होतीस ना पर्थला? एक वर्ष तरी केलंस ना? तेवढ्यावर आमची मंडळी गार होतील. शोकेसमधले तीन दगड टेबलावर मांडू.

स्वराली: ते दगड? अजून आहेत?

हेमा: दर दिवाळीला मी पुसते.

श्याम: तो मोठा आहे ना, काळपट, तो अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे.

स्वराली: असं कोण म्हणालं?

श्याम: मीच म्हणतो. आत्तापर्यंत कुणी हरकत घेतली नाही.

स्वराली: तो मिकच्या गॅरेजचं दार अडवायला ठेवायचो आम्ही. आमचा ड्रमर, मिक. त्याच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करायचो. दार सारखं आपटायचं.

श्याम: म्हणजे... दरवाज्याचा दगड?

स्वराली: दरवाज्याचा. आणि तिन्ही मी रागानं पाठवले होते. धाकट्या बहिणीच्या, मैत्रीच्या लग्नात तुमचे व्याही मला विचारायला लागले, 'सोन्याच्या खाणीत की लोखंडाच्या?' तेव्हा मला कळलं तुम्ही जगाला काय सांगत फिरताय. परत गेल्यावर म्हटलं, दगड हवेत ना? घ्या दगड! आणि तुम्ही चक्क शोकेसमध्ये मांडलेत.

श्याम: पार्सलवर 'बाबांना' लिहिलं होतंस. मला काय स्वप्न पडणार होतं?

स्वराली: ते जाऊ दे. आता सरळ ऐका. मी पुण्यात सत्कारासाठी आलेली नाही. आज सात वाजता विश्रांतवाडीत माझ्या बँडचा कार्यक्रम आहे. चौदा वर्षं झाली. तीन रेकॉर्ड झाल्या. तुम्ही एकदाही, एक मिनिटसुद्धा, मला समोर बसून ऐकलेलं नाही. आज तुम्ही तिथं यायला हवंय मला. बस. दुसरं काही नको.

श्याम: मग मी कुठं नाही म्हणतोय? पाचला इथं सत्कार. साडेसहाला रिक्षा करू. पाचला भूगर्भशास्त्रज्ञ हो, सातला काय वाटेल ते हो.

स्वराली: नाही. पाचला आणि सातला एकच स्वराली येईल. दुसरी नाहीये माझ्याकडे.

श्याम: हट्टीपणा!

हेमा: कुणावर गेलीय ते बघा जरा.

श्याम: तू मध्ये बोलू नकोस, हेमा. हिला काय जातंय? ही आठ दिवसांनी भुर्रकन उडून जाईल. त्या मंडळात रोज सकाळी जाऊन बसायचंय मला. बद्रीनाथांच्या मुलाच्या नावावर तीन पेटंट आहेत. कौशल्याबाईंचा जावई जर्मनीत कुठल्याशा पुलावर आहे. आणि मी उभं राहून काय सांगू? माझी मुलगी गांजेकस आहे?

स्वराली: काय?

श्याम: गांजेकस! स्टोनर म्हणजे तेच ना? सहा वर्षांपूर्वी तुझ्या आत्येभावानं, त्या अवधूतनं, मोबाइलवर दाखवलं मला. अंधारात तू केस सोडून मान हलवतेयस. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणतो, 'मामा, हे स्टोनर रॉक. गांजा ओढून ऐकतात.' कसं वाटलं असेल मला?

स्वराली: बाबा, माझ्याकडे बघा. मी सकाळी पाचला उठते आणि शाळेची बस चालवते.

श्याम: बस!

स्वराली: हो, बस. पंचेचाळीस मुलं असतात. दर महिन्याला तपासणी होते, सिगारेटचासुद्धा वास चालत नाही. आमचा गिटारवाला डगल, त्याला दमा आहे, उदबत्ती लावली तरी खोकतो. मिक पथ्यावर आहे, मीठ बंद. असले गांजेकस कुठं बघितलेत तुम्ही?

हेमा: मग नाव तसलं कशाला?

स्वराली: सुरुवातीला ऐकणारे तसले होते म्हणून पडलं असेल, आई. नाव चिकटलं. वाजवायचं म्हणजे जड वाजवायचं, खर्जात वाजवायचं, आणि हळू. अगदी हळू. बाकी काही नाही त्यात.

श्याम: आणि हे सगळं तू माझ्यापासून लपवलंस! मुद्दा तो आहे. चौदा वर्षांपूर्वी तू त्या काळ्या फोनवर मला काय सांगितलंस? 'बाबा, आता मी फुल टाइम स्टोन अँड रॉकमध्ये आहे.' हे तुझे शब्द. मी कॅलेंडरवर लिहून ठेवले होते.

स्वराली: मी तसं म्हणालेच नाही!

श्याम: म्हणालीस! मी विचारलं, युनिव्हर्सिटीचं काय, तर म्हणालीस झाली.

स्वराली: झाली नाही, सोडली म्हणाले! महिनाभर धीर गोळा करत होते त्या फोनसाठी. कागदावर वाक्य लिहून काढलं होतं. 'बाबा, मी युनिव्हर्सिटी सोडली. आता मी फुल टाइम स्टोनर रॉकमध्ये आहे. बास गिटार वाजवते.' आणि तुम्ही म्हणालात, 'उत्तम! जेवणाचे हाल होत नाहीत ना?'

श्याम: मुलगी खाणीवर जाणार म्हटल्यावर जेवणाचंच विचारणार ना बाप!

स्वराली: मला काय माहीत! मी फोन ठेवला आणि रस्त्यात बसून रडले. आनंदानं. दोन वर्षं मी तिथं सगळ्यांना सांगत होते. डगलच्या बापानं त्याला घराबाहेर काढलं होतं, त्याला मी म्हणायचे, माझ्या बाबांकडे बघ. नारायण पेठेतले, सरकारी नोकरीतले, आणि एका शब्दानं हिशेब मागितला नाही मला. 'उत्तम' म्हणाले. त्या एका शब्दावर मी दोन वर्षं वाजवलं, बाबा. मग मैत्रीच्या लग्नात तुमच्या व्याह्यांनी सोन्याची खाण काढली.

श्याम: हे आत्ता रचतेयस तू.

स्वराली: मी?

श्याम: अवधूतनं दाखवलं तेव्हा मला एकच वाटलं, पोरीनं आपल्याला फसवलं. तरी मी तुला एका शब्दानं बोललो नाही. लोकांना भूगर्भशास्त्रज्ञच सांगत राहिलो. का? तर तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून. सहा वर्षं तुझं खोटं मी सांभाळलंय. वर मलाच ऐकवतेस?

हेमा: ती खोटं बोलली नव्हती.

श्याम: तुला काय ठाऊक?

हेमा: स्वयंपाकघरातला दुसरा फोन माझ्या कानाला होता. शब्द न् शब्द ऐकलाय. 'सोडली' म्हणाली. 'स्टोनर' म्हणाली, 'बास गिटार वाजवते' म्हणाली. तुमच्या त्या 'उत्तम'च्या गडबडीत बास तुमच्या कानावरून गेला.

स्वराली: आई!

श्याम: लाइनला खरखर होती, हेमा.

हेमा: होती. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या खरखरीतूनच ऐकलंय मी. मला बरोबर ऐकू येतं.

स्वराली: मग तू का नाही सांगितलंस? चौदा वर्षं, आई!

हेमा: तू तिकडे हसत होतीस, हे इकडे हसत होते. दहावीनंतर पहिल्यांदा तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर खूश झाला होतात. एक्स्चेंजमध्ये आम्हांला एकच शिकवलं होतं. दोन माणसं जोडून द्यायची आणि लाइनवरून बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले.

श्याम: चुकीचं कनेक्शन दिलंस.

हेमा: हो. दिलं. मला वाटलं, आज ना उद्या तुमचं तुम्ही बोलाल. तुम्ही दोघंही अशी डोकी की दगडांची पार्सलं पाठवलीत, पण बोलला नाहीत. चूक माझी आहे, मान्य. पण पोरीला खोटारडी म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही.

श्याम: ...म्हणजे खरंच सांगितलं होतंस तू मला.

स्वराली: सांगितलं होतं.

श्याम: सहा वर्षं मी... जाऊ दे. पाणी दे गं जरा.

हेमा: घ्या. हळू प्या.

श्याम: एवढं हळू वाजवायचं कशाला पण? लोकांना चालतं?

स्वराली: नाही चालत. म्हणून तर वाजवतो. पहिल्या वर्षी कालगुर्लीला गेलो, खाणीचं गाव आहे. समोर अकरा माणसं, सगळी खाणवाली. खरे भूगर्भशास्त्रज्ञ दोन होते त्यात, तुम्हांला हवे तसले. अर्ध्या तासात ओरडायला लागले, जरा उडत्या चालीचं काहीतरी वाजवा. एकानं प्लॅस्टिकचा पेला फेकला. डगलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणखी हळू.

हेमा: अगं बाई! मग?

स्वराली: मग आठ उठून गेले. तीन बसले. त्यातला एक अजून प्रत्येक कार्यक्रमाला येतो. नंतर एका मोठ्या कंपनीनं बोलावलं, रेकॉर्ड काढू म्हणाले. अट एकच, सतरा मिनिटांचं गाणं चार मिनिटांचं करा. आम्ही घरी गेलो आणि ते एकवीस मिनिटांचं केलं.

श्याम: कंपनी काय म्हणाली?

स्वराली: काय म्हणणार? पुन्हा फोन नाही केला. रेकॉर्ड आम्हीच काढली. एका मासिकानं छापलं, 'यांचं गाणं संपायच्या आत सिमेंट सुकतं.' तेच वाक्य आम्ही टी-शर्टच्या पाठीवर छापून टाकलं.

श्याम: काळा टी-शर्ट? मला पाठवलेला?

स्वराली: तोच.

श्याम: तो मी रोज फिरायला जाताना घालतो! पाठीवर सिमेंट एवढंच वाचता आलं मला. मी मंडळात सांगितलं, हिच्या कंपनीचं सिमेंटही आहे.

हेमा: चार जणांनी भाव विचारला होता.

स्वराली: आणि पुढे छातीवर दोन गोळे आहेत, ते काय सांगितलंत?

श्याम: कंपनीची खूण. एक स्टोन, एक रॉक.

स्वराली: बाबा, ते बँडचं नाव आहे. एकाखाली एक दोन टिंबं. कशाला म्हणतात?

श्याम: दोन टिंबं... विसर्ग?

स्वराली: विसर्ग.

श्याम: बँडचं नाव विसर्ग आहे?

स्वराली: पहिल्या दिवसापासून. तुम्ही खडकवासल्याहून घरी आलात की जेवताना एवढंच बोलायचात. आज पातळी अमुक, आज विसर्ग वाढवला. दुसरीत आम्हांला 'दुःख' लिहायला शिकवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ही दोन टिंबं म्हणजे विसर्ग. मला कितीतरी दिवस वाटायचं, माझे बाबा धरणावर बसून दुःखाची टिंबं वाढवतात.

श्याम: पाटबंधारे खात्यात साधा कारकून होतो मी. रजिस्टर भरायचो.

स्वराली: पाणी सोडायच्या आधीचा भोंगा आठवतो? एकदा मला घेऊन गेला होतात. एकच सूर, लांबलचक, पोटात जाऊन बसणारा. आणि मग दरवाजे उघडले. मला बास हातात घेऊन तो भोंगाच वाजवायचा होता. डगलला, मिकला विचारा. पर्थमधल्या त्या दोघांना कुकडीच्या कालव्याचं आवर्तन म्हणजे काय तेही ठाऊक आहे. पहिल्या रेकॉर्डचं नाव 'क्युसेक'.

श्याम: क्युसेक!

स्वराली: मग 'सांडवा'. तिथले लोक त्याला सँडविच समजायचे. आणि तिसरी 'गाळ'.

हेमा: 'गाळ' कुणी विकत घेतं?

स्वराली: फारसं नाही, आई. म्हणूनच काढली.

श्याम: धरणावर तीस वर्षं मी गाळ गाळ म्हणून ओरडत होतो. वर किती टिपणं पाठवली. साहेबांनी एक वाचलं नाही.

स्वराली: पर्थमध्ये वाचलं. तुमच्या एका टिपणाची कच्ची प्रत माझ्याकडे होती, ती 'गाळ'च्या कव्हरमागे छापलीय. म्हणून सांगते, बाबा, मी काही त्या व्यासपीठावर बसून दुसऱ्याच बाईचा नारळ घेणार नाही. माझं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या, नाहीतर घेऊ नका. मी तिथं अकरा माणसांसमोर वाजवलंय, शून्य माणसांसमोरसुद्धा वाजवलंय. तुमचं मंडळ नाही म्हणालं तर माझं काही बिघडत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर बिघडतं.

(श्यामचा मोबाइल वाजतो. मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथराव. श्याम फोन उचलतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

श्याम: बोला, बद्रीनाथराव... हो, आली काल रात्री... प्रोजेक्टर नको... नको म्हणजे तिच्याकडे दगडांची चित्रं नाहीत... अहो, ऐका जरा. पत्रिकेत चूक राहिलीय... शुद्धलेखनाची? शुद्धलेखनाची माझ्याकडून होत नसते. चूक मजकुराची आहे... ती भूगर्भशास्त्रज्ञ नाही... नाही, खाणीतही नाही. सिमेंट तर अजिबात नाही. ती बँडमध्ये आहे.

हेमा: बसा ना, बसून बोला.

श्याम: ...बँड. लग्नातला नव्हे हो! रॉक... खडक नव्हे, रॉक संगीत. बास वाजवते. चौदा वर्षं झाली... सुगम? मुळीच सुगम नाही. फार दुर्गम आहे. एकवीस-एकवीस मिनिटं चालतं... पोटासाठी? पोटासाठी शाळेची बस चालवते. हो, स्वतः. चालवायला येते म्हणून चालवते. तुम्हांला स्कूटर तरी येते का?

स्वराली: बाबा...

श्याम: थांब गं. ...काय म्हणालात? 'संगीत क्षेत्रात नाव कमावलेली' असं मोघम लिहू? नाही. मोघम नाही. लिहायचं तर लिहा, बासवादक, विसर्ग, पर्थ. आणि प्रकार विचारलात तर स्टोनर रॉक... हो. तोच अर्थ आहे. अर्थ सांगायलाही मी येतो, माइक द्या... पाच मिनिटांत मंडळाची प्रतिष्ठा कशी काय गेली? गेल्या वर्षी वार्षिक सहलीत तुम्ही अर्धी माणसं भोरला विसरून आलात तेव्हा नाही गेली ती?

हेमा: हे बरं झालं बोललात. मी पण होते त्यात.

श्याम: ...मला कधी कळलं? सहा वर्षांपूर्वी. हो, तेव्हापासून तुम्हांला खोटंच सांगत होतो. तुमच्या तोंडावर. चूक झाली, माफी मागतो. पण ती माफी माझ्या खोट्याबद्दल आहे, तिच्या वाजवण्याबद्दल नाही. ते नीट लक्षात घ्या... लाज? वाटत होती, बद्रीनाथराव. आज सकाळपर्यंत वाटत होती. आता मला माझीच वाटतेय, तिची नाही... मग करा रद्द सत्कार. नारळ दुसऱ्या पाल्याला द्या... कार्यवाहपद? तेही घ्या. राजीनामा आत्ता तोंडी, सोमवारी लेखी... आज? आज वेळ नाही. आज विश्रांतवाडीला जायचंय, मुलीचा कार्यक्रम आहे. ठेवतो.

हेमा: ठेवलात?

श्याम: त्यांनीच ठेवला. मी अजून बोलणार होतो.

स्वराली: बाबा, सोळा वर्षं कार्यवाह होतात तुम्ही.

श्याम: सतरा. जाऊ दे. सकाळचा वेळ मोकळा झाला. पत्रिकांवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून येतो तेवढी, दारावर लावलेली तरी दुरुस्त पाहिजे. लोकांना चुकीची माहिती राहायला नको.

हेमा: चिकटवायला डिंक ड्रॉवरमध्ये आहे. अहो, पण आधी चहा. दोघंही. गार झाला तर मी पुन्हा करणार नाही.

स्वराली: रडताय का, बाबा?

श्याम: छे. सकाळपासून ओरडतेयस तू, डोळ्यांत पाणी येणारच. किती वाजता निघायचं?

स्वराली: मला चारला जावं लागेल, आवाज तपासायला. तुम्ही साडेसहापर्यंत या. खुर्च्या नाहीत तिथं, पण मी दोन मागवून ठेवते, मागे, भिंतीपाशी.

श्याम: मागे कशाला? पुढे ठेव.

स्वराली: पुढे सहन नाही होणार. छातीत धडधडतं. ज्यांना सवय आहे तेही कानात काहीतरी घालून येतात. आई, दोघांसाठी कापूस घेऊन ये. चांगला घट्ट बोळा कर.

हेमा: आहे कापूस. वातींचा आहे, चालेल ना?

स्वराली: चालेल. दोन्ही कानांत घाला, बाबा. विसरू नका.

श्याम: हेमा, तुला हवा तर घे. माझा राहू दे घरीच. मला या खेपेला नीट ऐकायचंय.